सायकलच्या तुंब्यातील मोटर

भिलाई म्हटले की पोलाद आठवते, हे साहजिकच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. करार झाला त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्यप्रदेशात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नागपूर आणि वऱ्हाडाकडील मराठी कुटुंबांना भिलाई कधी परमुलुख वाटला नाही. आज भिलाई छत्तीसगडात आहे, तरी नागपूरहून निघालेली गाडी काही तासांत दुर्गला पोचते ती पोचतेच.

या नगरीच्या जुन्या रहिवाशांना कारखान्याबरोबरच आणखी एक गोष्ट आठवते. ती म्हणजे पाळी बदलण्याच्या वेळी दरवाजातून लोटणारा सायकलींचा लोंढा. वसाहतीची आखणी सेक्टरांची, रस्ते रुंद, दुतर्फा झाडे आणि जमीन तळहातासारखी सपाट. सायकलीला याहून सोईचे गाव कोठे मिळणार? पुढे स्कूटर आली, मोटरसायकल आली आणि काळी उंच सायकल व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. अजूनही पुष्कळ घरांत ती आहे. तिच्यावर पाण्याच्या बादल्या वाळत असतात, एवढेच.

वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी सायकल असेल आणि घरातील कोणी तरुण ‘हिला मोटर बसवू या’ असे म्हणत असेल, तर हा लेख आपणांसाठी आहे. बेत वेडगळ नाही. मोटर, नियंत्रक, बॅटरी आणि गतीची मूठ असा तयार संच हल्ली बाजारात मिळतो, आणि हाताला पान्याची सवय असलेला माणूस दोन सुट्यांच्या दिवसांत तो बसवू शकतो. मात्र त्या संचात एक वस्तू बहुधा नसते, किंवा असलीच तर तळाशी एका पातळ पत्र्याच्या रूपाने पडलेली असते. या लेखाचे बरेचसे प्रयोजन ती वस्तू हेच आहे.

प्रथम मोटरीविषयी. बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी जो लाकडी तुंबा असतो, त्याच्याच जागी सायकलीच्या चाकात हब असते. ही मोटर त्या हबच्या आतच बसविलेली असते. कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ऑग्डन बोल्टन या गृहस्थाला ३१ डिसेंबर १८९५ रोजी जे पेटंट मिळाले, त्यात सायकलीच्या मागील चाकाच्या हबमध्येच मोटर दाखविलेली आहे. तिला १० व्होल्टवर १०० अँपियरपर्यंत विद्युत्प्रवाह घेता यावा अशी योजना होती. एवढा प्रवाह पुरविणारी बॅटरी सायकलीवर लादायची तर स्वारासाठी जागा कितपत उरली असती, हा प्रश्नच आहे. कल्पना शहाणी होती, पण तिच्यासाठी लागणारे साहित्य जगाकडे नव्हते. हलके आणि जबरदस्त निओडिमियम चुंबक १९८० नंतरच्या दशकात आले, लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, आणि प्रवाह क्षणाक्षणाला उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक स्वस्त झाले. तेव्हा कोठे बोल्टनची मोटर सामान्य माणसाच्या चाकात जाऊन बसली.

नेहमीच्या मोटरीत आणि हिच्यात समजून घेण्याजोगा एक फरक आहे. सामान्य मोटरीचे कवच स्थिर असते आणि दांडा फिरतो. येथे उलट आहे. दांडा, म्हणजे चाकाचा आस, सायकलीच्या चिमट्यात घट्ट धरलेला असतो आणि कवच फिरते. कवचाला स्पोक, स्पोकांना रिम आणि रिमवर टायर, म्हणून चाक फिरते. घरातील छताचा पंखा याच जातीचा आहे. त्याची दांडी छताला जखडलेली असते आणि पाती असलेले कवच फिरत राहते. दांडीचा बोल्ट ढिला झाला तर काय होते, ते आपण जाणताच.

आता खरी गोष्ट. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे पिळते, तेवढ्याच जोराने ती आपल्या आसाला उलट दिशेने पिळते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून येथे सुटका नाही. साध्या सायकलीच्या आसावर असा पीळ कधीच येत नाही. तो बिचारा नुसते वजन तोलतो. म्हणूनच साध्या सायकलीत चाक ज्या खाचेत बसते, ती खाच वजन तोलण्यापुरतीच बनविलेली असते. पीळ धरणे हे तिचे कामच नव्हे.

आकडे घेऊन पाहू. २५० वॅटच्या गिअरच्या मोटरीचा पीळ निघताना सुमारे ३० न्यूटन-मीटर असतो असे धरा. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगले, तर साधारण एवढाच पीळ होतो. ऐकताना क्षुल्लक वाटेल. पण आसाला तो पीळ एक फुटावर नव्हे, तर स्वतःच्या जाडीत झेलावयाचा असतो. या आसाच्या दोन बाजू तासून सपाट केलेल्या असतात. १२ मिलिमीटर व्यासाच्या आसावर त्या दोन सपाट बाजूंमधील अंतर १० मिलिमीटर, आणि खाचेच्या कडांना टेकते ती सपाटीची रुंदी अवघी साडेसहा मिलिमीटर. एक फुटावरचे दहा किलो साडेसहा मिलिमीटरवर आणले की ते साडेचारशे किलोंच्या घरात जातात. दोन्ही बाजूंच्या खाचांनी ते वाटून घेतले, तरी एकेका खाचेच्या कडेवर दोनशे किलोंहून अधिक जोर पाचर ठोकावी तसा पडतो. तोही एकदा नव्हे. प्रत्येक चौकात, प्रत्येक वेळी सायकल निघताना.

पोलादी खाच हा जोर काही काळ सोसते. पोलाद वाकते, वाकताना दिसते, माणसाला सावध होण्यास अवधी देते. ॲल्युमिनियमच्या चिमट्याचा स्वभाव तसा नाही. तो आज धडधाकट दिसतो आणि उद्या एका क्षणात कड फुटून मोकळा होतो. खाच पसरली की आस तिच्यात गरकन फिरतो, नट आपोआप सैल होतात आणि आसाच्या पोकळीतून बाहेर येणारी तार पिळून तुटते. पुढचे चाक असेल तर खाचेचे तोंड खालच्या बाजूला असते, तेव्हा चाक सरळ निखळून पडते. पहाटेच्या अंधारात, पाळीला निघालेल्या माणसाच्या पुढ्यातून सायकलीचे पुढचे चाक निघून जाणे म्हणजे काय, ते वेगळे सांगावयास नको.

प्रस्तुत लेखकाने हा धडा पुस्तकातून घेतलेला नाही. पहिल्या सायकलीला मोटर बसविली तेव्हा विक्रेत्याने ‘नट घट्ट आवळा, पुरे आहे’ असे सांगितले आणि आम्ही ते प्रमाण मानले. रेल्वेवरील पुलाच्या चढावर मधेच थांबावे लागले. पुन्हा निघताना मूठ पिळली, कड्‌कन आवाज झाला आणि चाक जागच्या जागी थांबले. खाली वाकून पाहतो तो मोटरीची तार आसाभोवती सुतळीसारखी गुंडाळलेली. सुदैव एवढेच की चाक मागचे होते आणि वेग शून्य होता.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो सुचल्यावर हसू येते. पीळ जर आखूड भुजेवर असह्य होत असेल, तर भुजा लांब करावी. आसाच्या सपाट बाजूंवर तंतोतंत बसेल अशा खाचेची पोलादाची एक पट्टी घ्यावयाची आणि तिचे दुसरे टोक सायकलीच्या चिमट्याला किंवा मागच्या नळीला जखडावयाचे. बाजारात तिला टॉर्क आर्म म्हणतात. आपण तिला अडपट्टी म्हणू. पट्टीची लांबी दहा सेंटिमीटर धरली, तर मघाचे साडेचारशे किलो तीस किलोंवर येतात, आणि तीस किलो एक चांगला पोलादी पट्टा व बोल्ट सहज धरतो.

पट्टी पातळ पत्र्याची नसावी. निदान पाच-सहा मिलिमीटर जाडीचे पोलाद हवे, कारण पातळ पट्टीच्या खाचेची कड आसाला चावत नाही, आसच तिला चावतो. ज्या गावच्या प्लेट मिलमध्ये जाड पोलादी पट्टे लाटले जातात, तेथे एवढा तुकडा फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळण्यास अडचण पडू नये. खाच मात्र कानसीने हळूहळू, आस पुनःपुन्हा लावून पाहत घासावी. आस किंचित दाबून आत गेला पाहिजे. खुळखुळणारी अडपट्टी म्हणजे नसल्यातच जमा, किंबहुना तिच्यामुळे मनाला खोटा धीर येतो हे अधिक वाईट. मोटर पुढच्या चाकात असेल तर दोन्ही बाजूंना एकेक पट्टी लावावी. ब्रेक लावताना बॅटरीत वीज परत भरणाऱ्या मोटरीतही दोन हव्यात, कारण तेथे पीळ एकदा मागे, एकदा पुढे असा आळीपाळीने येतो आणि कितीही आवळलेल्या नटाला तो डुलवून डुलवून सैल करतो.

मोटर पुढे बसवावी की मागे? पुढे बसविणे सोपे आहे हे खरे. चेन, फ्रीव्हील काही हलवावे लागत नाही. तथापि आपल्या काळ्या सायकलीच्या पुढील चिमट्याची टोके नळीच चपटी करून काढलेली असतात, आणि त्या टोकांवर हा भार टाकणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. मागील खाचा अधिक भक्कम असतात. त्यांचे तोंडही मागच्या बाजूस असते, त्यामुळे नट ढिले झाले तरी चाक लगेच खाली पडत नाही. काम दुप्पट होते, पण मागेच बसवावे, असा आमचा कौल.

मागे बसविताना पहिली अडचण रुंदीची येते. मोटरीच्या आसावरील खांद्यांमधील अंतर सामान्यतः १३५ मिलिमीटर असते आणि जुन्या सायकलीच्या दोन खाचांमधील अंतर त्याहून बरेच कमी. पोलादी फ्रेम थोडी फाकवता येते, परंतु दोन्ही बाजू सारख्या फाकल्या पाहिजेत. एकच बाजू वाकली तर चाक कायमचे तिरके धावते. हे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे. खाचही कानसून १० मिलिमीटरपर्यंत रुंद करावी लागते. घासताना खाचेच्या तळाला धक्का लावू नये.

दुसरी अडचण अशी आहे की तिने पुष्कळांना फसविले आहे. आपल्या जुन्या सायकलीचे चाक ‘अठ्ठावीस इंची’ म्हणून ओळखले जाते. संचासोबत रिमवर विणून आलेले मोटरचे चाकही पुष्कळदा ‘अठ्ठावीस इंची’च असते. नाव एक, मापे दोन! जुन्या अठ्ठावीस-दीड टायरची रिमवर बसण्याची जागा ६३५ मिलिमीटर व्यासाची, तर आधुनिक रिमची ६२२ मिलिमीटरची. जुना टायर नव्या रिमवर बसत नाही आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दांडीच्या ब्रेकचे रबर रिमपर्यंत नीट पोचत नाही. बरे, जुनीच रिम वापरावी म्हटले, तर जुन्या पद्धतीच्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, आणि मोटरीच्या कवचाला भोके बहुधा ३६. म्हणजे हिशेब कोठेच जमत नाही. अशा वेळी रिम, टायर आणि ब्रेक हे तिन्ही एकदमच ठरवावेत. आधी चाक विकत घेऊन मग ब्रेकचा विचार करणारा माणूस शेवटी एका ब्रेकवर सायकल हाकताना दिसतो.

ब्रेकविषयी थोडे अधिक. पावसाळ्यात ओल्या पोलादी रिमवर दांडीचा ब्रेक किती लागतो, हे ज्याने जुलै महिन्यात सायकल चालविली आहे त्याला ठाऊक आहे. पायांनी चालणाऱ्या सायकलीस तो कसाबसा पुरतो. जिला आपल्या इच्छेविरुद्धही पुढे ढकलणारी मोटर आहे, तिला पुरत नाही. ब्रेकच्या मुठीत मोटर तत्क्षणी बंद करणारा खटका असावा, आणि तो चालतो की नाही हे सायकल स्टँडवर उभी करून, मागील चाक अधांतरी फिरवून, दररोज पाहावे. गतीची मूठ अडकली आणि खटका नाही, असा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

तारा आसाच्या ज्या टोकातून बाहेर पडतात ते तोंड खालच्या बाजूला येईल असा आस बसवावा, आणि तारेला खाली एक झोळ सोडून मग ती वर न्यावी. पावसाचे पाणी त्या झोळावरून टपकून जाते. असे केले नाही तर तेच पाणी तारेच्या अंगाने थेट मोटरीच्या पोटात शिरते. जाड तीन तारा प्रवाहाच्या आणि बारीक पाच तारा चुंबकाची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरच्या. रंगाला रंग जोडावा. तरीही चाक अडखळून गुरगुरले तर जोर करू नये, क्रम चुकला असे समजावे.

आता बॅटरी. समजा, आपले घर कारखान्यापासून सात किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन चौदा. सपाट रस्त्यावर ताशी वीस किलोमीटर वेगाने, अधूनमधून पायडल मारीत गेल्यास दर किलोमीटरला दहा ते पंधरा वॅट-तास खर्ची पडतात. ३६ व्होल्ट व १० अँपियर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास असतात. म्हणजे एका भरणीत पंचवीस-तीस किलोमीटर निघावेत. विजेच्या बिलात ते अर्ध्या युनिटाच्याही आत बसते. अशा लिथियम बॅटरीचे वजन अडीच-तीन किलो, तर तेवढ्याच शक्तीच्या शिशाच्या बॅटऱ्या दहा-बारा किलोंच्या होतात. लिथियममध्येही लोह-फॉस्फेटची जात उष्णतेला अधिक शांत. छत्तीसगडच्या मे महिन्याचा विचार करता तीच बरी, जरी थोडी जड असली तरी. प्रत्येक जातीचा चार्जर निराळा असतो. शेजाऱ्याचा चार्जर बसतो म्हणून लावू नये.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो तेव्हा दुपारी कारखान्याच्या आवारात उन्हात उभी राहिलेली बॅटरी हाताला चटका देते. घरी आल्याबरोबर तिला चार्जर लावणे ही सर्वांत मोठी चूक होय. ती सावलीत तासभर निवू द्यावी. रात्री सर्वजण निजलेले असताना ती चार्जिंगला लावू नये, आणि घरातून बाहेर पडण्याच्या एकुलत्या एका दरवाजापाशी तर कधीच नाही. लिथियम बॅटरी पेटली तर ती घागरभर पाण्याने विझत नाही. तेव्हा माणसांनी बाहेर पडावयाची वाट मोकळी असणे हाच खरा उपाय. बॅटरीच्या तोंडाशी योग्य फ्यूज असावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी तांब्याची तार बसविणारे ‘कसबी’ लोक प्रत्येक मोहल्ल्यात असतात. त्यांना चहा पाजावा, काम देऊ नये.

कायद्याचीही बाजू आहे. केंद्रीय मोटारवाहन नियमांनुसार ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत धावणारी, ठराविक वजनाची बॅटरीची दुचाकी मोटारवाहन समजली जात नाही. म्हणून तिला नोंदणी लागत नाही. पण त्यासाठी त्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेने चाचणी घेतलेली असावी, अशीही अट त्याच नियमात आहे. घरी बनविलेल्या सायकलीपाशी असा दाखला नसतो. तेव्हा संच घेतानाच या मर्यादेच्या आतला घ्यावा, आणि ‘थोडा जास्त जोराचा’ घेण्याचा मोह आवरावा. ५०० किंवा १००० वॅटची मोटर केवळ कायद्याच्या दृष्टीने गैर नाही. मघाचा तीस न्यूटन-मीटरचा हिशेब दुप्पट करून पाहिला म्हणजे खाचेचे काय होईल ते कळते. पुढे पांढरे आणि मागे तांबडे परावर्तक लावण्यास फार खर्च येत नाही.

मोटरीने माणसाचे पाय अजिबात निवृत्त करावेत असे नाही. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षाला मोटरीची जोड देण्याचे काम केले, आणि २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्याविषयी लेख लिहिला. त्यांच्या एका नमुन्यात रिक्षावाल्याने पायडल मारावयाचेच होते. चढावर आणि निघताना मोटर मदतीला धावत असे. सपाट भिलाईतही हेच योग्य. निघताना दोन-चार पायडले मारून मग मूठ पिळावी. त्यामुळे मोटर जागच्या जागी तापत नाही, आणि आसावरचा पहिला, सर्वांत मोठा हिसका निम्मा होतो.

सगळे बसवून झाल्यावर लगेच पाळीवर जाऊ नका. सुट्टीच्या सकाळी वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर वीस किलोमीटर फिरा, घरी या आणि दोन्ही नट पुन्हा आवळा. नव्या जोडणीत सगळे भाग पहिल्या वापराने थोडे खाली बसतात, आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला नट दुसऱ्या दिवशी पाव फेरा घेतो. नंतर एक बारीक कुंचला घेऊन नट, अडपट्टी आणि फ्रेम या तिन्हींवरून एकच सरळ पांढरी रेघ ओढा. दोन्ही बाजूंना. रंग कोणता का असेना. घरातील लहान मुलालाही हे काम आवडते. तो रोज सकाळी वाकून पाहील आणि सांगेल, ‘बाबा, रेघ सरळ आहे.’ ज्या दिवशी रेघ तुटलेली दिसेल, त्या दिवशी सायकल भिंतीलाच टेकू द्या आणि शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून जा.